मूठभर ळ

शरयूच्या लॅपटॉपवर
ब्लेडनं कापून सत्तावीस चौकोन मी चिकटवले.
शाहूपुरीत ज्या ऑफसेटवर लग्नपत्रिका निघतात
तिथंच कडेच्या पट्टीत छापून घेतले, लाल शाईत.
मालक म्हणाला, हे कुठलं दैवत?
म्हटलं, पोरगी हैफाला चाललीय,
खारं पाणी गोडं करायचं शिकायला.
तो हसला. आपल्याकडं गोडंच पाणी घरात शिरतंय,
ते बाहेर काढायचं शीक म्हणावं आधी.

रात्री जेवणं झाली की ती बसते.
शिन दालेत गिमेल काफ,
शिन दालेत गिमेल काफ,
डाव्या करंगळीपासून आत.
भांडी घासता घासता तिची आईही म्हणायला लागली.
गिमेल म्हणजे तीनसुद्धा, हे कळल्यावर
परवा दूधवाल्याला गिमेल लिटर म्हणाली.

पहिल्या दिवशी पोरगी वैतागली होती.
कर्सर उजवीकडं जाऊन उभा,
अक्षरं डावीकडं पळतायत,
मधे आकडा आला की तो मात्र सुलटा.
बाबा, हे सगळं उलटं आहे.

उलटं?
बत्तीस वर्षं खिळे जुळवले मी.
चेसमध्ये आवळलेलं पान
उजवीकडून डावीकडंच वाचतात, आरशातल्यासारखं.
सोसायटीची नोटीस, सत्कार, निधन वार्ता.
मेलेल्या माणसाचं नाव आधी मी उलटं वाचायचो,
सुलटं गावानं, दुसऱ्या दिवशी.

आता तिच्या मागं उभा राहून ओळ बघतो.
कळत काही नाही. दिसतं मात्र.
लामेद तेवढा ओळीच्या वर मान काढतो.
दालेत आणि रेश म्हणजे आपला घ आणि ध,
खांद्याचा कोपरा बघायचा, नाहीतर फसला.
मी फसलोच.
दोघांच्या जागा बदलून चिकटवल्या,
दोन दिवस तिला दार लिहिता येईना.
दालेत म्हणजे दारच की हो बाबा, म्हणाली,
आणि नखानं स्टिकर सोलत बसली.

वेलांट्या, मात्रा तिथं सहसा लिहीत नाहीत म्हणे,
वाचणाऱ्यानं मनानं घालायच्या.
हे मला पटलं नाही.
एका वेलांटीपायी शिव्या खाल्ल्यात मी,
पाचशे पत्रिकांवर शुभ दिनाचा
शुभ दीन झाला होता.

काल तिनं गावाचं नाव टाइप केलं.
कोफ, वाव, लामेद, आणि पुढचं.
मधेच थांबली. यातलं कोल म्हणजे आवाज, बाबा.
आई आतून म्हणाली,
तो आहेच की आपल्या गावाला.

मग पत्ता. दुधाळी.
ळ नाही त्यांच्यात, म्हणाली. ल वर भागवायचं.
दुधाली.

मला एकदम ट्रेडलच्या तेलाचा वास आला.
केसमधला ळ चा खण सगळ्यात आधी रिकामा व्हायचा.
शाळा, वेळ, मंडळ, कळविण्यास आनंद होतो की.
गणपतीच्या पावतीपुस्तकांचे दिवस आले
की शेजारच्या मुल्लांच्या प्रेसमधून
मूठभर ळ उसने आणायचो, रुमालात.
मजकूर सोडला की मोजून परत.

महापुरात केस बुडाल्या, खण गाळानं भरले.
मालकानं शिसं वजनावर घातलं.
थोडे खिळे मी खिशात टाकले होते,
कुठले ते बघितलंच नव्हतं.
काल रात्री डबा पालथा केला.
दोन स्वल्पविराम, अर्धा म, एक फुली,
तुटक्या शेंड्याचा क्ष.
ळ नाही.

ती टाइप करतच होती. विचारलं नाही काय शोधताय.

मुल्लांच्या प्रेसचं आता मोबाईल कव्हरचं दुकान झालंय.
पण इब्राहिमभाईंनी माळ्यावर
एक केस अजून ठेवलीय म्हणतात.
उद्या लक्ष्मीपुरीत जाऊन येतो.
एकच मागतो.
परत कधी, असं ते विचारतील, सवयीनं.
सांगीन, पोरगी आली की.